नियमांमुळे साथ किती ओसरली, हे मोजायचं कसं?

निरंक (धागाकर्ती)

कोविडच्या साथीत, २०२० च्या एप्रिलपासून जवळपास दीड वर्ष मी एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात स्वयंसेवक होते. काम ऐकायला सोपं होतं: सरकारी आदेश वाचायचे आणि त्यांना आकडे द्यायचे. शाळांवर काहीच बंधन नसेल तर ०, बंद ठेवायची नुसती शिफारस असेल तर १, काही इयत्ता सक्तीने बंद असतील तर २, सगळ्याच बंद असतील तर ३. कार्यालयं, वाहतूक, जमाव, घराबाहेर पडणं, देशाच्या सीमा यांचंही असंच. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ब्लावाट्निक स्कूल ऑफ गव्हर्नमेंटने मार्च २०२० मध्ये जी नोंदवही सुरू केली, तिचाच साचा आमच्याकडे होता. त्यांनी पुढे १८० हून अधिक देशांच्या नोंदी केल्या आणि नऊ निकषांची सरासरी काढून ० ते १०० असा कडकपणाचा निर्देशांक तयार केला. बातम्यांमध्ये तेव्हा जे आलेख दिसायचे, त्यातले बरेच याच निर्देशांकावरून काढलेले असत.

एका रात्रीचा आदेश मला अजून आठवतो. 'सर्व शाळा बंद राहतील. तथापि, परीक्षेच्या वर्षातील विद्यार्थ्यांना पालकांच्या लेखी संमतीने बोलावता येईल.' पहिलं वाक्य ३ चं, दुसऱ्याने त्याचं २ केलं. पण प्रत्यक्षात किती पालक संमती देणार? सगळ्यांनी दिली तर ती जवळजवळ उघडी शाळा, कुणीच दिली नाही तर पूर्ण बंद. तक्त्यात दोन्हीकडे २ च. मी २ लिहिला आणि शेरा टाकला. शेरे कुणी वाचत नाही, आकडे सगळे वाचतात.

पुढे मी उत्साहाने हा निर्देशांक आणि बाधितांची संख्या एका आलेखावर मांडली. दिसलं ते उलटंच: नियम जितके कडक, तितके रुग्ण जास्त! थोडा विचार केल्यावर कारण कळलं. रुग्ण वाढले म्हणून सरकारने नियम कडक केले होते. अतिदक्षता विभागात मृत्यू जास्त होतात म्हणून तो विभाग घातक आहे असं आपण म्हणत नाही, तसंच हे. पण मग नियमांचा खरा परिणाम मोजायचा कसा? आदेश आणि साथ एकमेकांना ढकलत असतील, तर कुणी कुणाला किती ढकललं हे वेगळं कसं काढायचं?

हा प्रश्न मला आजही सुटत नाही. पुढची साथ कधीतरी येईलच. तेव्हा आपण पुन्हा 'टाळेबंदी बरोबर की चूक' एवढ्यावरच भांडत बसू नये असं मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

---

गणितमित्र

फार महत्त्वाचा विषय. माझ्या मते मूळ अडचण एका वाक्यात सांगता येते: जे घडलं ते आपल्याला दिसतं, आणि नियम नसता तर काय घडलं असतं ते कधीच दिसत नाही. सगळं शास्त्र या न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधण्यात खर्च होतं.

आधी काय मोजायचं ते पाहू. रोजची रुग्णसंख्या थेट वापरू नये. एक बाधित माणूस सरासरी किती जणांना बाधित करतो, तो आकडा म्हणजे आर. तो १ च्या वर असेल तर साथ वाढते, खाली गेला तर ओसरते. नियमाचा परिणाम आधी आरवर होतो, रुग्णसंख्येवर नंतर दिसतो.

किती नंतर? संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, मग चाचणी, मग अहवाल. मृत्यूपर्यंत सुमारे तीन आठवडे. म्हणजे आज लागू झालेला नियम मृत्यूंच्या आलेखात दिसायला महिना लागू शकतो. दरम्यान सरकारने आणखी चार नियम आणलेले असतात आणि लोकांनीही वागणं बदललेलं असतं. 'टाळेबंदी लावली तरी मृत्यू वाढतच गेले' असं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे बोललं गेलं, त्यात या उशिराचा विचारच नव्हता.

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने यावर जून २०२० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापला. ११ युरोपीय देशांतल्या मृत्यूंवरून त्यांनी उलटा हिशेब केला: आज इतके मृत्यू, तर तीन आठवड्यांपूर्वी संसर्ग किती असतील? त्यावरून आर काढला आणि तो कुठल्या नियमाच्या दिवशी खाली आला ते पाहिलं. निष्कर्ष असा की ४ मेपर्यंत या देशांमध्ये सुमारे ३१ लाख मृत्यू टळले आणि टाळेबंदीने आर सुमारे ८१ टक्क्यांनी खाली आणला.

आकडा गाजला, पण त्याच्या पोटात एक अडचण होती. स्वीडनने टाळेबंदी लावलीच नव्हती, तरी तिथेही आर उतरला. मग श्रेय द्यायचं कुणाला? प्रत्येक देशात शेवटचा उपाय किती लागू पडला हे वेगवेगळं असू शकतं, अशी मोकळीक त्यांच्या प्रतिमानात, म्हणजे हिशेबाच्या गणिती साच्यात होती. त्यामुळे स्वीडनमध्ये जाहीर कार्यक्रमांवरच्या बंदीलाच प्रचंड परिणाम चिकटला. हीच बंदी इतर देशांमध्ये मात्र जवळजवळ निरुपयोगी ठरली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्येच काही संशोधकांनी हे दाखवून दिलं. त्यावरून मूळ अभ्यास खोटा ठरतो असं मी म्हणणार नाही. पण आर उतरला हे तो नक्की दाखवतो, तो *कशामुळे* उतरला याचं उत्तर मात्र बरंचसं गृहीतकातूनच येतं.

---

दीपकळी

वाचतेय. निरंक, तो शेऱ्याचा किस्सा मनाला लागला.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. वरचं गणित मला पूर्ण कळलं असं नाही, पण ज्या आकड्यांवर ते उभं आहे ते आकडे तयार होताना मी पाहिले आहेत, म्हणून लिहिते.

मृत्यूची एक तारीख असते आणि नोंदीची वेगळी. आमच्याकडे एका शनिवारी पहाटे चार जण गेले. डॉक्टर दुसऱ्या खाटेवर गुंतलेले, त्यामुळे प्रमाणपत्रं दुपारी भरली गेली. कागद सोमवारी पुढे गेले आणि मंगळवारच्या आकडेवारीत दिसले. त्या मंगळवारी बातमीत होतं की मृत्यूंमध्ये अचानक वाढ. आदल्या दोन दिवसांची बातमी होती की मृत्यू घटले. शनिवार-रविवारी आकडा पडायचा आणि मंगळवारी उसळायचा, हे आठवड्यांमागून आठवडे चाललं. सात दिवसांची सरासरी घ्या म्हणतात ते यासाठीच.

चाचण्यांचं तर विचारू नका. सुरुवातीला फक्त गंभीर रुग्णांची चाचणी व्हायची. नंतर संच भरपूर आले तेव्हा संपर्कातल्या सगळ्यांची व्हायला लागली. रुग्ण दुप्पट दिसले, पण आजार दुप्पट झाला होता की आपण दुप्पट शोधलं होतं? शंभर चाचण्यांमागे किती पॉझिटिव्ह, हे सोबत नसेल तर नुसत्या रुग्णसंख्येवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आणि ज्यांची चाचणी झालीच नाही, जे घरीच गेले, त्यांना कुठल्या रकान्यात शोधायचं?

---

गणितमित्र

रात्रपाळी, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात कळीचा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे अतिरिक्त मृत्यू. कारण काहीही लिहिलेलं असो, त्या काळात एकूण किती माणसं गेली ते मोजायचं आणि आधीच्या वर्षांवरून जितके मृत्यू अपेक्षित होते ते वजा करायचे. चाचणी झाली की नाही, प्रमाणपत्रावर काय लिहिलं, याने फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी असा अंदाज दिला: सुमारे १ कोटी ४९ लाख. देशोदेशींनी कोविडचे म्हणून नोंदवलेले मृत्यू त्या काळात साधारण ५४ लाख होते.

आता विचार करा. एखाद्या अभ्यासाने नोंदवलेल्या मृत्यूंवरून धोरणांची तुलना केली, तर ज्या देशाने कमी मोजलं त्याचं धोरण आपोआप यशस्वी ठरतं.

पण यातही एक मेख आहे. जगातल्या कित्येक देशांत सगळ्या मृत्यूंची नोंदच होत नाही, तिथे अतिरिक्त मृत्यू हाही अंदाजच. शिवाय टाळेबंदीमुळे रस्त्यावरचे अपघात कमी झाले असतील किंवा एखाद्याला हृदयविकाराचे उपचार वेळेवर मिळाले नसतील, तर तेही याच आकड्यात मिसळतं. धोरणाचा *एकूण* परिणाम पाहायचा असेल तर ते चांगलंच, पण *प्रसारावरचा* परिणाम हवा असेल तर ते वेगळं काढावं लागतं.

---

आडवाटेचा

मला वेगळं मत मांडायचं आहे, आणि ते गांभीर्याने मांडतोय.

लोक सरकारची वाट बघत बसले नव्हते. शेजारच्या वस्तीत माणसं जायला लागली की कुठलाही शहाणा माणूस घरातच बसतो. अमेरिकेत ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन या दोन अर्थतज्ज्ञांनी मोबाइल फोनच्या नोंदींवरून दुकानांमधली ये-जा मोजली. दोन प्रशासनांच्या हद्दीला लागून असलेले भाग त्यांनी घेतले: अलीकडे आदेश आहे, पलीकडे नाही, बाकी परिस्थिती सारखी. एकूण ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती. त्यातला आदेशांचा वाटा फक्त ७ टक्के-बिंदूंचा, म्हणजे त्या ६० पैकी ७. ये-जा कमी व्हायला आदेशांच्या आधीच सुरुवात झाली होती आणि ती त्या परिसरातल्या मृत्यूंच्या संख्येशी जुळत होती.

म्हणजे भीतीने ५३ आणि कायद्याने ७. मग रोजगार बुडाले, मुलांच्या शाळा गेल्या, एवढी किंमत या सातासाठी मोजली का? २०२२ मध्ये तर एक मोठा आढावाही आला होता, त्यात टाळेबंदीने मृत्यू फक्त ०.२ टक्क्यांनी कमी केल्याचं म्हटलं होतं.

---

निरंक

आडवाटेचा, तुमचा राग मला कळतो आणि पहिला मुद्दा बराचसा पटतो. आमच्या तक्त्यात हाच खड्डा होता: आम्ही कागद मोजत होतो, माणसं नाही. ऑक्सफर्डच्या गटानेही सुरुवातीपासून सांगितलं होतं की हा निर्देशांक धोरण किती योग्य आहे किंवा त्याची अंमलबजावणी किती झाली हे दाखवत नाही. वापरणाऱ्यांनी ते वाक्य सोडून दिलं.

०.२ टक्क्यांच्या आढाव्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी तो वाचला आहे. त्यात टाळेबंदीची व्याख्याच इतकी सैल आहे की कुठलंही एक सक्तीचं बंधन म्हणजे टाळेबंदी. निवडलेले अभ्यास थोडे, आणि त्यातल्याही मोजक्याच अभ्यासांच्या वजनावर शेवटचा आकडा उभा आहे. अनेक साथरोगतज्ज्ञांनी तेव्हाच हे दोष दाखवले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञान संस्थेने मास्क, अंतर, टाळेबंदी, सीमाबंदी, संपर्क शोधणं या सगळ्यांवरचे अभ्यास तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की हे उपाय एकत्रितपणे, काटेकोरपणे आणि संसर्ग अजून कमी असताना वापरले तेव्हा ते परिणामकारक ठरले. उपाय *कधी* केला यावर बरंच अवलंबून असतं, आणि सरासरी काढली की ते 'कधी' हरवतं.

---

खिडकीपाशी

'भीतीने ५३ आणि कायद्याने ७' याला एक छान जोड आहे. स्वीडन आणि डेन्मार्क, मध्ये एक पूल. साथ दोन्हीकडे साधारण एकाच वेळी आली. डेन्मार्कने कडक बंद केला, स्वीडनने केला नाही. एका मोठ्या बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार वापरून काही अर्थतज्ज्ञांनी खर्चाची तुलना केली. स्वीडनमध्ये खर्च सुमारे २५ टक्क्यांनी घटला. डेन्मार्कमध्ये त्याहून फक्त ४ टक्के-बिंदूंनी जास्त. इथपर्यंत आडवाटेचा यांचंच म्हणणं खरं ठरतं.

पण वयाप्रमाणे फोड केली की चित्र बदलतं. बंदमुळे डेन्मार्कमधल्या तरुणांचा खर्च स्वीडनमधल्या तरुणांपेक्षा जास्त घटला. सत्तरीच्या पुढच्यांचा मात्र डेन्मार्कमध्ये *कमी* घटला. म्हणजे कायद्याने अडवलं ते स्वतःला धोका नाही असं समजणाऱ्यांना, आणि त्यामुळे ज्यांना खरा धोका होता ते थोडे निर्धास्तपणे बाहेर पडू शकले. एकूण बेरीज केली तर यातलं काही दिसत नाही. संसर्ग कुणाकडून कुणाकडे जातो हे महत्त्वाचं असताना, एकूण ये-जा किती घटली एवढाच आकडा घेऊन निर्णय देणं मला अपुरं वाटतं.

---

आडवाटेचा

हे माहीत नव्हतं. वयाप्रमाणे फोड हा मुद्दा मान्य. किंमत मोजण्याबद्दलचा माझा प्रश्न मात्र कायम आहे.

---

दीपकळी

किंमतीवरूनच लिहिते. मी शिक्षिका आहे.

शाळा बंद ठेवल्याने संसर्ग किती कमी झाला, याचं उत्तर मी खूप शोधलं, कारण पहिलीतली माझी मुलं थेट तिसरीत भेटली तेव्हा त्यातल्या काहींना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. एका मुलाने पाटीवर अक्षरं उलट्या क्रमाने काढली आणि बरोबर आहे ना म्हणून माझ्याकडे बघितलं. ज्या आकड्यासाठी हे घडलं तो आकडा मला पाहायचा होता.

४१ देशांवरचा एक मोठा अभ्यास आहे, 'सायन्स'मध्ये आलेला. त्यात शाळा आणि विद्यापीठं बंद करणं, जमाव दहा जणांपर्यंत मर्यादित करणं आणि जिथे माणसांचा थेट संबंध येतो असे व्यवसाय बंद ठेवणं, हे उपाय परिणामकारक ठरले. हे सगळं आधीच लागू असेल तर वरून 'घरातच राहा' या आदेशाने फारशी भर पडली नाही. मी आशेने पुढे वाचलं: शाळांचा वाटा किती? तर लिहिलं होतं की शाळा आणि विद्यापीठं बहुतेक देशांनी जवळजवळ एकाच वेळी बंद केली, त्यामुळे दोन्हींचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

सहा वर्षांचं मूल आणि वसतिगृहात राहणारा वीस वर्षांचा विद्यार्थी एकाच रकान्यात. सरकारांनी दोन गोष्टी एकाच दिवशी बंद केल्या म्हणून ते कायमचं कळणार नाही. आठवडाभराचं जरी अंतर ठेवलं असतं तरी काहीतरी हाती लागलं असतं.

---

रात्रपाळी

दीपकळीताई, त्या पाटीचं वाचून गलबललं. आमच्या वॉर्डातून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. तेव्हा आम्हाला वाटायचं सगळं बंद ठेवा, अजून ठेवा.

---

गणितमित्र

दीपकळी यांनी गाठ अचूक पकडली. मार्च २०२० मध्ये बहुतेक देशांनी आठ-दहा दिवसांत सगळं एकदम बंद केलं. पाच औषधं एकत्र घेऊन ताप उतरला तर कुठल्या गोळीने उतरला हे कुठल्याही संख्याशास्त्राला सांगता येत नाही. एकत्रित परिणाम मात्र बऱ्यापैकी सांगता येतो. सॉलोमन शियांग आणि सहकाऱ्यांनी चीन, दक्षिण कोरिया, इटली, इराण, फ्रान्स आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे १,७०० स्थानिक आणि राष्ट्रीय उपायांचा अभ्यास केला. काहीच केलं नाही तर सुरुवातीला संसर्ग दिवसाला ३८ टक्क्यांनी वाढत होता, म्हणजे दोन-सव्वादोन दिवसांत दुप्पट. त्यांच्या अंदाजाने उपायांमुळे या देशांत सुमारे ६ कोटी १० लाख नोंदवलेले रुग्ण टळले किंवा पुढे ढकलले गेले. 'किंवा पुढे ढकलले गेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत. लस येईपर्यंत ढकलला गेला तर तो जीव वाचलाच.

एकूण संपर्क घटल्याचा आणखी एक पुरावा मला फार बोलका वाटतो. २०२०-२१ मध्ये जगभर फ्लू जवळजवळ नाहीसा झाला. त्याचा बी-यामागाता नावाचा एक वंश मार्च २०२० नंतर खात्रीने सापडलेलाच नाही. फ्लू थांबवण्यासाठी कुणी आदेश काढला नव्हता. अर्थात भीती किती आणि कायदा किती, हे त्यातूनही कळत नाही.

---

खिडकीपाशी

गोळ्या वेगळ्या करण्याचा एक मार्ग आहे: अपघात. परिस्थितीनेच केलेला प्रयोग. माझ्या पाहण्यातला सगळ्यात चांगला म्हणजे इंग्लंडमधला, आणि तो जरा सविस्तर सांगतो.

सप्टेंबर २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी आरोग्य संस्थेकडे प्रयोगशाळांचे अहवाल येत आणि ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत भरले जात. त्या फायलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते. एका अहवालाला अनेक ओळी लागत. फाईल भरली की पुढचे अहवाल गळून पडत, आणि कुणाला कळतही नसे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांत १५,८४१ बाधित माणसं अशी गळाली. त्यांना स्वतःला निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आलं, हे विचारणारा फोन वेळेवर गेला नाही.

आता यात प्रयोग कुठे? गळती सगळीकडे सारखी नव्हती. काही भागांतले अहवाल जास्त गळाले, दुसरीकडचे कमी. यात तिथल्या लोकांच्या भीतीचा, गरिबीचा, प्रशासनाच्या कार्यक्षमतेचा काही संबंध नाही. नियम तेच, मास्क तेच, बातम्या त्याच. फरक एवढाच की काही ठिकाणी संपर्क शोधणं उशिरा सुरू झालं. थीमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर यांनी हे हेरलं आणि पुढच्या आठवड्यांत कुठे संसर्ग जास्त वाढला ते पाहिलं. जिथे गळती जास्त, तिथे वाढ जास्त. त्यांच्या हिशेबाने या एका चुकीमुळे सव्वा लाखाच्या आसपास जादा संसर्ग आणि सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले.

संपर्क शोधण्याचा उपयोग किती, याचं इतकं स्वच्छ उत्तर ठरवून कुणी मिळवलं नसतं, आणि मिळवूही नये.

दुसरं उदाहरण जर्मनीतल्या येना शहराचं. तिथे ६ एप्रिल २०२० ला मास्क सक्तीचा झाला, बाकी बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवड्यांनी. संशोधकांनी इतर शहरांचं मिश्रण करून, ६ एप्रिलपर्यंत हुबेहूब येनासारखं चालणारं एक 'कागदावरचं येना' तयार केलं. मग खरं येना आणि कागदावरचं येना यांच्यात किती अंतर पडलं ते मोजलं. येनात नवे रुग्ण जवळजवळ थांबले. अशाच रीतीने वेगवेगळे प्रदेश घेतले तेव्हा २० दिवसांत नवे नोंदवलेले संसर्ग १५ ते ७५ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

---

आडवाटेचा

१५ ते ७५ ही फारच रुंद पट्टी झाली. अशा आकड्यावर मंत्र्याने निर्णय कसा घ्यायचा? शिवाय येनाने लवकर सक्ती केली, म्हणजे तिथले लोक आधीच जास्त सावध असतील. सावधपणा मोजला की मास्क?

---

गणितमित्र

रास्त शंका. त्यावर एकच खात्रीचं उत्तर आहे: चिठ्ठ्या टाकून ठरवणं. कुणाला उपाय मिळणार हे नशिबाने ठरलं तर सावध आणि बेसावध दोन्ही गटांत सारखेच वाटले जातात.

हे झालेलंही आहे. बांगलादेशात नोव्हेंबर २०२० पासून सुमारे ६०० गावांमध्ये, ३ लाख ४२ हजार प्रौढांवर. निम्म्या गावांत मास्क फुकट वाटले, लोकांना समोरासमोर समजावलं, बाजारात आठवण करून दिली. उरलेल्या गावांत काहीच नाही. मास्कचा नीट वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला आणि रक्ततपासणीने सिद्ध झालेला लक्षणांसहित संसर्ग साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटला. सर्जिकल मास्क दिलेल्या गावांत साठीच्या पुढच्यांमध्ये सुमारे ३५ टक्क्यांनी.

हे वाचताना एक काळजी घ्यावी लागते. साडेनऊ टक्के हा मास्कचा परिणाम नाही, मास्क *वाटण्याच्या मोहिमेचा* आहे. मोहीम करूनही निम्म्याहून अधिक लोक मास्क घालत नव्हतेच. मास्कमध्ये कापड किती कण अडवतं हा प्रयोगशाळेचा प्रश्न, आणि सरकारने अमुक केलं तर गावात काय होईल हा धोरणाचा. आपल्या वादात हे दोन प्रश्न सारखे एकमेकांत मिसळतात.

नॉर्वेत व्यायामशाळा उघडतानाही असाच प्रयोग झाला. ऑस्लोत तीन हजार सातशेहून अधिक सदस्यांपैकी कुणाला प्रवेश द्यायचा हे चिठ्ठीने ठरवलं. दोन आठवड्यांनी प्रवेश मिळालेल्यांत एकच बाधित सापडला. शहरात संसर्ग तेव्हा अगदी कमी होता, त्यामुळे उत्तरही तेवढ्यापुरतंच. पण निदान ते सचोटीने मिळवलेलं उत्तर होतं.

---

दीपकळी

मग शाळा उघडताना असं का नाही केलं? उघडायच्याच होत्या. एकाच दिवशी सगळ्या उघडता येत नव्हत्याच, टप्पे पाडलेच होते. ते टप्पे चिठ्ठ्या टाकून पाडले असते तर कुणावर अन्याय झाला नसता, आणि आज मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असतं.

---

गणितमित्र

नॉर्वेतल्याच संशोधकांनी शाळांबाबत असं सुचवलं होतं. मान्य झालं नाही. मुलांवर प्रयोग नको, ही भावना. पण काहीच न मोजता बंद करणं हाही प्रयोगच असतो, फक्त त्याची वही कुणी लिहीत नाही.

---

रेघोट्या

उशिरा येतोय. इतिहासातलं एक जोडतो, कारण 'कधी' हा शब्द वर निरंक यांनी काढला.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक होऊ दिली. सेंट लुईने पहिले रुग्ण सापडताच काही दिवसांत शाळा, नाट्यगृहं, प्रार्थनास्थळं बंद केली. २००७ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी काढून मोजलं: आठवड्याचा सर्वोच्च जादा मृत्युदर फिलाडेल्फियात लाखामागे २५७, सेंट लुईत ३१. त्याच वर्षी ४३ अमेरिकन शहरांवर आणखी एक अभ्यास आला, त्यातही लवकर आणि जास्त काळ उपाय केलेल्या शहरांना फायदा दिसला. मात्र सेंट लुईने नोव्हेंबरमध्ये बंधनं सैल केली तेव्हा तिथे पुन्हा मृत्यू वाढले. फक्त पहिल्या शिखराची तुलना केली तर हे कळत नाही.

हे नव्वद वर्षांनी मोजता आलं, कारण शहरागणिक बंद कधी केलं आणि कधी उघडलं याच्या तारखा कुणीतरी त्या वेळी लिहून ठेवल्या होत्या.

---

निरंक

रेघोट्या, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी उठून जुनी फाईल काढली.

आमच्या तक्त्यात प्रत्येक आदेशाला एकच तारीख होती: अंमल सुरू झाल्याची. माझ्या शेऱ्यांमध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडलं, 'रात्री आठला जाहीर, परवापासून लागू'. त्या मधल्या दीड दिवसात काय झालं असेल? स्थानकांवर झुंबड, दुकानांसमोर रांगा, गावी निघालेले लोक. उलटही असेल: जाहीर होताच काहींनी त्या रात्रीपासूनच दार लावून घेतलं असेल. आपण अंमलाच्या तारखेपासून मोजतो, पण लोकांचं वागणं जाहीर झाल्याच्या क्षणापासून बदलतं, आणि कधी त्याच्याही आधी, अफवेपासून.

आणि आदेश उठवल्याची तारीख तर कितीतरी ठिकाणी कोरी आहे. बंद करण्याचा आदेश वाजतगाजत निघायचा. उघडायचा निघायचा तो एखाद्या परिपत्रकाच्या चौथ्या पानावर.

मी आजपासून माझ्याकडच्या नोंदींना तीन रकाने वाढवतेय: जाहीर झाल्याची वेळ, अंमल सुरू झाल्याची वेळ, आणि उठवल्याची तारीख. शेऱ्यांमधून जेवढं निघेल तेवढं भरेन, उरलेलं जुन्या परिपत्रकांतून. दीपकळी, शाळांच्या नोंदी आधी घेते. प्राथमिक, माध्यमिक आणि विद्यापीठ वेगळे करता येतात का पाहते; काही ठिकाणी आदेशातच वेगळे होते, आम्हीच त्यांचा एक आकडा केला. कुणाला परिपत्रकं वाचायची सवय असेल तर मदत हवी आहे, रोज अर्धा तास मिळाला तरी पुरे.

---

आडवाटेचा

मी येतो मदतीला. फक्त एक चौथा रकाना वाढवा: आदेशात कामगारांसाठी मदतीची तरतूद होती की नाही. हातावर पोट असलेला माणूस घरी बसू शकला की नाही, हे त्याशिवाय कळणार नाही.

---

निरंक

वाढवला. ऑक्सफर्डच्या नोंदवहीत उत्पन्नाच्या मदतीचा निकष होता, पण तो कडकपणाच्या निर्देशांकात धरलेला नव्हता. म्हणून माझ्याही डोक्यातून निसटला होता. उद्या संध्याकाळी पहिल्या वीस आदेशांची यादी पाठवते, शाळांपासून.